दुसरी ऑर्डर कधी देताय?

प्रति,
कोल्हापुरी चपलेवर 'काहीतरी वेगळं' करू पाहणारे सगळे डिझायनर,
आणि शहरोशहरी हस्तकलेची प्रदर्शनं भरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या चपला करणाऱ्या एका घरातली. तळ आणि टाच आबा कापतात, शिवण भाऊ घालतो, पट्ट्यावरची वेणी आई आणि मी. बी.कॉम. झाल्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे आली आणि वहीच्या मागोमाग प्रदर्शनांच्या स्टॉलवर बसायचं कामही. हे पत्र त्या वहीतून निघालंय.

वहीत 2019पासून मी एक जादा रकाना आखलाय. वर लिहिलंय, 'परत आले का?' डिझायनर, बुटीकवाले, ऑनलाइन दुकानवाले, कॉलेजची मुलंमुली, ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून नमुना करून घेतला त्यांची ती नोंद. आजवर 21 नावं झाली. पहिली ऑर्डर दिली ती नऊ जणांनी. दुसरी ऑर्डर दिली तिघांनी. बाकीच्या ओळींपुढे मी आडवी रेघ मारून ठेवलीय, म्हणजे नंतर कुणी घुसडू नये.

तुम्ही जेव्हा कारागिरांना पुढे आणायच्या गप्पा करता, तेव्हा माझं डोकं या रकान्यात असतं. तुमचा हेतू खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण मोजायचं काय, याचा तुमचा आणि आमचा हिशेब वेगळा आहे.

जून 2025 आठवत असेल. मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्रादा या बड्या फॅशन कंपनीने अंगठ्याच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चपलांपेक्षा कॅमेरे जास्त होते. भावाने आबांना मोबाइलवर फोटो दाखवला. आबांनी चष्मा पुसून निरखून बघितलं आणि म्हणाले, "अंगठा बरोबर घातलाय की रं त्येंनी!" चॅनेलवाल्यांना हे वाक्य नको होतं. त्यांना संताप हवा होता, तो शेजारच्या काकांनी दिला.

मग आरडाओरडा झाला, प्रादाने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैतच फेटाळली गेली. त्या निमित्ताने खूप जणांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या चपलेला 2019 सालीच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. हे जीआय कशाची राखण करतं, ते मात्र अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. ते नावाची राखण करतं, घाटाची नाही. आठ जिल्ह्यांबाहेर कुणी रेक्झिनचा जोड करून त्यावर 'कोल्हापुरी' लिहिलं, तर कायदा त्याला धरू शकतो. नाव न घेता कुणी तोच अंगठा, तेच कान (पट्टा धरणारे बाजूचे तुकडे) आणि तीच वेणी उचलली, तर जीआयच्या हाताला फारसं काही लागत नाही.

आणि ते आठ जिल्हेही नीट ऐका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. अस्मितेचा विषय तापला तेव्हा हे कुणी बोललं नाही, पण आमच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, विकले जाणारे कितीतरी जोड अथणी-निपाणीकडून येतात. तिथेही आमच्यासारखीच घरं आहेत, तिथेही वेणी बायकाच घालतात. सीमेचं भांडण चपलेला नाही.

डिसेंबर 2025 मध्ये करार झाला. आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच चर्मोद्योग महामंडळ लिडकर, दोघांनी मिळून प्रादाशी. इथल्या कारागिरांच्या हातचे 2,000 जोड, एका जोडाची किंमत सुमारे 800 युरो, विक्री फेब्रुवारी 2026पासून, जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाइन, असं तेव्हा जाहीर झालं. सोबत कारागिरांना प्रशिक्षण, काहींना थोडे दिवस इटलीतही. 800 युरो म्हणजे रुपयांत 80,000च्या पुढे. आमचा साधा जोड 700 रुपयांना जातो आणि तिथेही गिऱ्हाईक पन्नास कमी करा म्हणतं.

मला या कराराचा आनंद झाला, खरंच झाला. पण मी वहीवाली बाई, मी लगेच भागाकार केला. बारीक वेणीचा भारी जोड एका घरातून दिवसाला एक निघतो असं धरू. आमच्यासारखी 50 घरं बसली तर 2,000 जोड हे 40 दिवसांचं काम. एकेचाळिसाव्या दिवशी काय? आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "चांगलंच हाय, खरं परत येत्यात का बघ." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.)

प्रादाचं ते बघतील. मी हे पत्र तुम्हाला लिहितेय, कारण आमच्या दारात तुम्ही येता.

तुम्ही येता तेव्हा सगळ्यात आधी नमुना मागता. नमुना म्हणजे काय, हे जरा घरात बसून बघा. तुम्हाला पट्टा पिस्त्याच्या रंगाचा हवा असतो आणि कातडं 'पारंपरिक, नैसर्गिक पद्धतीने कमावलेलं' हवं असतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं तपकिरी होतं, तेल पाजलं की आणखी गडद होतं. ते पिस्त्याच्या रंगाचं होत नाही. तरी आम्ही खटपट करतो. वेगळ्या रंगाचा वीतभर पट्टा लागणार असला तरी व्यापारी वीतभर देत नाही, अख्खं कातडं घ्यावं लागतं. मग तळ भिजत घालायचा, ठोकून घट्ट करायचा, रापीने (कातडं कापायच्या हत्याराने) कड तासायची, कान बसवायचे, आरीने भोकं पाडून चामड्याच्या वादीने शिवायचं. अस्सल जोडात खिळा नसतो. वेणी जमली नाही तर उसवून परत. तीन दिवस जातात. त्यानंतर तुमचा मेसेज येतो, 'लव्हली! अंगठा दोन मिलिमीटर आत घेता येईल का?' घेता येतो. आणखी एक दिवस.

या चार दिवसांचे पैसे 21पैकी पाच जणांनी दिले. बाकीचे म्हणाले, नमुना आहे ना, ऑर्डरमध्ये धरू. एकीने तीन नमुने नेले आणि वर्षभराने त्यांचे फोटो आम्हाला एका मासिकात दिसले. खाली छायाचित्रकाराचं नाव होतं, केस विंचरणाऱ्याचं नाव होतं. चपला कुणी केल्या ते नव्हतं. आईने ते पान कापून ठेवलंय, रागाने नाही, वेणी छान दिसतेय म्हणून.

यात अवघड काही नाही. मार्च 2023 मध्ये ख्रिश्चन डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला शो केला, तेव्हा भरतकाम मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टबरोबर केलंय हे जगाला सांगूनच केला. त्यांचं काही कमी झालेलं दिसलं नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. तुमचं कॅलेंडर आमच्या आभाळाला विचारून ठरत नाही हे मला कळतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कातडं वाळत नाही, हेही तुम्हाला कळायला हवं. भिजवलेला तळ चार-चार दिवस ओला राहतो, कोपऱ्यात ठेवलेल्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते, आई बल्बखाली वाद्या सुकवत बसते. त्या महिन्यांत कोल्हापुरी कुणी घालतही नाही, त्यामुळे हातात पैसाही नसतो. आणि नेमका तेव्हाच तुमचा फोन येतो, दिवाळीच्या कलेक्शनसाठी 15 दिवसांत 60 जोड. तोच फोन एप्रिलमध्ये अर्ध्या ॲडव्हान्ससकट आला, तर आम्ही उन्हात तळ करून ठेवू आणि पावसाळाभर घरात बसून वेण्या घालू. काम तेच, आमचे रिकामे चार महिने भरतील आणि तुमच्या मालाला बुरशी लागणार नाही. एका माणसाने हे ऐकलं. त्याचं नाव माझ्या रकान्यात तीनदा आहे.

कातड्याचंही सांगते, कारण तुम्ही विचारता की किंमत एवढी कशी वाढली. पूर्वी कातडं इथेच कमावलं जायचं. कातड्याची पिशवी शिवून ती टांगायची आणि आत सालीचं पाणी भरायचं, अशी पद्धत होती. ढोर समाजाची माणसं कमावायची आणि आमची माणसं चपला करायची. कमावणारी घरं एकेक करून बंद झाली, मुलांना तो वास आणि ती वागणूक दोन्ही नको होती, आणि मी त्यांना दोष देणार नाही. 2015 साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि आपल्याकडे तळासाठी म्हशीचं कातडं तेवढं उरलं. आता बरंचसं बाहेरून येतं आणि रोख पैसे मोजल्याशिवाय हलत नाही. आम्ही रोखीने घेतो, तुम्ही 90 दिवसांनी देता. मधलं व्याज कुणाच्या खिशातून जातं?

आमच्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायलाच हवं, असा 2006चा कायदा आहे. करार नसेल तर 15 दिवस. आमची उद्यम नोंदणी आहे, क्रमांक बिलावर छापलेला असतो. तुमच्या अकाउंटवाल्यांना हे माहीत असतं. तुम्हाला असतं का?

आता प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे वळते.

तुमच्यामुळे आम्ही चार शहरं पाहिली. पुण्यातल्या एक बाई सहा वर्षांपूर्वीचा जोड टाच बदलायला घेऊन स्टॉलवर आल्या होत्या, आबा दिवसभर खुशीत होते. पायाची मापं बदलताहेत, लोकांना आता रुंद तळ हवाय, हेही आम्हाला स्टॉलवरच कळलं. तेव्हा प्रदर्शन नको असं मी म्हणणार नाही.

पण 'लाइव्ह डेमो' हा प्रकार एकदा समजावून सांगा. आबांना तुम्ही मंडपाच्या मधोमध चटईवर बसवता. समोर ऐरण, हातात हातोडा, डोक्यावर हजार वॅटचा दिवा. ते ठोकायला लागले की गर्दी जमते, मोबाइल वर होतात, लहान मुलं 'करकर वाजते का?' विचारतात. (वाजते. दोन तळांच्या मध्ये विंचू घातला की वाजते, विंचू म्हणजे कातड्याचा तुकडा, घाबरू नका.) तासाभराने गर्दी पांगते. तो तासभर स्टॉलवर मी एकटी, आणि गिऱ्हाईक चटईकडे. संध्याकाळी त्याच मंडपात गाणाऱ्याला तुम्ही मानधनाचं पाकीट देता, ते योग्यच आहे. आबांना नारळ आणि शाल. आमच्या कपाटात आता सात शाली आहेत.

एका उद्घाटनाला तर गंमतच झाली. दीपप्रज्वलनासाठी पाहुण्यांनी बूट काढले आणि ते कुठे ठेवायचे म्हणून संयोजकांनी इकडेतिकडे बघितलं. चपलांचा स्टॉल दिसला. पाच जोडी बूट आमच्या टेबलाखाली आले आणि भाषण संपेपर्यंत त्यांची राखण आम्ही केली. भाऊ चिडला होता, मला हसू येत होतं. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. पण पैठणीच्या स्टॉलखाली ते बूट गेले नसते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. हस्तकला म्हटलं की सगळ्या कला एका रांगेत बसल्यासारख्या वाटतात. तशा त्या बसलेल्या नाहीत. तुमच्या माहितीफलकावर 'बाराव्या शतकापासूनची परंपरा' असतं. त्या परंपरेत आमचं घर गावाच्या कुठल्या टोकाला होतं, ते नसतं. ते लिहा असा माझा हट्ट नाही. बूट तेवढे दुसरीकडे ठेवा.

आमच्या चुका सांगितल्या नाहीत तर पत्र एकतर्फी होईल. आम्ही तारखा पाळत नाही. गावची जत्रा आली, लग्न निघालं की 'पुढच्या आठवड्यात देतो' हे आमचं ठरलेलं वाक्य. डाव्या-उजव्या पायाच्या रंगात फरक पडतो आणि आम्ही म्हणतो, हातचं काम आहे. ते प्रत्येक वेळी हातचं काम नसतं, कधी कधी तो निष्काळजीपणा असतो. पर्यटकांना विकायच्या स्वस्त जोडात आमच्यातलेच काही जण खिळे मारतात आणि आत पुठ्ठा घालतात. महामंडळाने जोडावर क्यूआर कोड आणला, त्यात कुणी केला, कुठे केला ते कळतं. चांगलं झालं, खोट्यांबरोबर आमचेही कान त्यामुळे पकडता येतील.

वहीत तीनदा नाव असलेली आणखी एकजण आहे. डिझाइन कॉलेजची विद्यार्थिनी होती, तेव्हा 22 वर्षांची. पहिले आठ दिवस तिने एकही चित्र काढलं नाही. आईशेजारी बसून वेणी शिकली, बोटाला आरी टोचून घेतली. मग एकदा तिने विचारलं, "काकू, तुम्ही घरात फरशीवर ही चप्पल का घालत नाही?" आई म्हणाली, घसरते. बास, तिथून सुरुवात. कातड्याच्या तळाखाली पातळ रबराची पट्टी बसवायची, कडेला दिसणार नाही अशी. आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला मऊ शेळीचं कातडं, म्हणजे पहिल्या आठवड्यात चप्पल चावणार नाही. वरून जोड होता तसाच. रंग तोच, कान तेच. आबा आधी कुरकुरले, मग स्वतःसाठी एक जोड तसा केला. आज आमच्या विक्रीतला मोठा भाग त्या जोडाचा आहे. मुलगी आता नोकरी करते, तरी दरवर्षी दिवाळीआधी मित्रमैत्रिणींची यादी पाठवते, मापांसकट.

डिझायनरची गरज नाही असं मला म्हणायचं नाहीच. गरज आहे, पण ती आमच्या चपलेला पिसं लावायला नाही.

कच्छमध्ये तर याच्याही पुढे गेले. 2005 साली तिथे कला रक्षा विद्यालय निघालं आणि पुढे 2014 मध्ये सोमैया कला विद्या. विणकर, बांधणीवाले, छापकाम करणारे यांनाच तिथे डिझाइन शिकवतात. बाहेरच्या माणसाने चित्र द्यायचं आणि आतल्या माणसाने हात चालवायचे, ही वाटणीच त्यांनी मोडली. आपल्या मराठी माणसांना जवळचं उदाहरण हवं असेल तर मध्य प्रदेशातलं महेश्वर आहे. अहिल्याबाईंच्या त्या गावात होळकरांच्याच घराण्यातल्या मंडळींनी 1978च्या सुमारास विणकरांसाठी रेहवा सोसायटी सुरू केली आणि बंद पडत चाललेले माग पुन्हा चालू झाले. एका प्रदर्शनाने ते झालं नाही. माणसं वर्षानुवर्षं तिथे राहिली.

कोल्हापुरात आमच्या मुलांसाठी अशी शाळा कुणी काढेल का, मला माहीत नाही. माझा भाचा 14 वर्षांचा आहे, रापी छान चालवतो आणि मोबाइलवर चपलांची चित्रंही काढतो. त्याला विचारलं की म्हणतो, धंदा करीन, पण जमिनीवर बसून नाही. टेबलाएवढ्या उंचीवर काम करता येईल अशी ऐरणीची चौकट त्याने कागदावर काढलीय. तुमच्यापैकी कुणाला डिझाइनच करायचं असेल तर आधी ती चौकट बघा. आबांची पाठ गेली, भावाची चाललीय.

यायचं तर पावसाळा सरल्यावर या, दसऱ्याच्या आधी. दुपारी दोन ते चार आबा झोपतात, तेव्हा ठोकाठोक बंद असते; त्या वेळात मी वही दाखवेन. नमुन्याचे पैसे आधी बोलू, मग चहा घेऊ. येताना पायाचं माप कागदावर आखून आणा, उभं राहून, बसून नाही, बसल्यावर पाऊल लहान येतं. आणि आधी कधी नमुना नेला असेल तर बिचकू नका. तुमच्या नावापुढची रेघ मी पेन्सिलने मारलीय.

आपली,
वेणी घालणारी एक,
कोल्हापूर